'गो ऑफ': गेले की सुरू झाले?

इंग्रजीच्या पुस्तकात 'गो' म्हणजे जाणे हे पहिल्याच धड्यात येते, आणि 'ऑफ' म्हणजे बंद हे तर शिकवावेही लागत नाही. ते घरातल्या बटणांवरच लिहिलेले असते. या दोघांची गाठ पडली की मात्र अर्थ विद्यार्थ्याच्या हातून निसटतो. 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे विझले. 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजायला लागला. मग झोपेतच चाचपडत तो 'टर्न ऑफ' करायचा. जे आधीच ऑफ गेले आहे ते पुन्हा ऑफ करावे लागते, यात इंग्रजाला काही वावगे वाटत नाही.

क्रियापदाला असे शेपूट लावून त्याचा अर्थ फिरवण्याच्या प्रकाराला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव रूढ केले लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, १९२५च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात. ते सुचवल्याचे श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. बारसे उशिरा झाले, पण दुखणे जुनेच. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच, असे नोंदवले, असली क्रियापदे कसोशीने गोळा केली आणि आता ही अडचण दुर्लंघ्य राहणार नाही असा विश्वासही व्यक्त केला. त्याला पावणेतीनशे वर्षे होत आली. इंग्रजी संभाषणाचे क्लास अजून चालू आहेत.

'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे मुळात एकच. जोर देऊन उच्चारला तो 'ऑफ'. त्याचा जुना अर्थ 'पासून दूर'. म्हणून 'गो ऑफ'चा पहिला, सरळमार्गी अर्थ निघून जाणे. नट रंगमंचावरून विंगेत जातो तोही 'गो ऑफ'. 'मॅक्बेथ' नाटकाच्या अखेरीस म्हातारा सेनापती सीवर्ड रणात पडलेल्यांबद्दल बोलताना हेच क्रियापद वापरतो. 'गो'चे 'वेंट' हे भूतकाळी रूपही 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून उसने आणलेले आहे. पण 'जाणे'चे 'गेला' करणाऱ्या मराठीने त्यावर फार हसू नये.

खरी गंमत बंदुकीपासून सुरू होते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा एक भाग मागे ओढून अडकवायचा असतो. इंग्रजी त्याला कोंबडा म्हणते, मराठी घोडा. प्राणी कोणताही असो, काम तेच. चाप दाबला की अडकण सुटते, गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि बार उडतो. बंदूक 'वेंट ऑफ'. म्हणजे इथे 'ऑफ' बंद होण्याचा नाही, अडकणीतून सुटण्याचा आहे. कोंबडा अर्धाच ओढलेला असताना बार उडाला तर तो अकाली उडाला. त्यावरून पूर्ण तयारी नसताना बोलून किंवा करून मोकळ्या होणाऱ्या माणसालाही इंग्रजी अर्ध्या कोंबड्यावर 'गो ऑफ' करवते.

गजराच्या घड्याळाचेही तेच. जुन्या घड्याळाच्या पाठीला दोन किल्ल्या असत, एक वेळेची आणि एक गजराची. गजराची स्प्रिंग पिळून रात्रभर दाबून धरलेली. नेमलेल्या वेळी एक छोटी पट्टी खाचेत पडायची आणि हातोडी सुटून घंटेवर बडवायला लागायची. बंदूक, बॉम्ब, फटाका, गजर हे सगळे या एका घराण्यातले. दिवे दुसऱ्या घराण्यातले: ते चालू स्थितीपासून दूर गेले म्हणून 'ऑफ'. घराणी दोन, आडनाव एक, आणि पत्ता विचारणाऱ्याची पंचाईत.

दूध 'गो ऑफ' होते तेव्हा ते नासते, पण हे ब्रिटनमध्ये. अमेरिकेत ते 'बॅड' होते. ब्रिटिश उपाहारगृहात तर 'गो' गाळून नुसता 'ऑफ' वापरतात. वेटर म्हणतो, 'द फिश इज ऑफ.' याचा अर्थ मासे संपले, आज मिळणार नाहीत. हेच वाक्य गिऱ्हाईक पहिला घास घेतल्यावर म्हणाले तर मासे नासलेले आहेत. शब्द तेच, फरक एवढाच की पहिल्या प्रसंगी दिलगिरी वेटर व्यक्त करतो आणि दुसऱ्या प्रसंगी मॅनेजर.

माणसावरून मन उडाले तरी ब्रिटिश माणूस त्याच्या 'ऑफ' जातो. कॉफीच्याही जातो. तान्हे मूल 'गॉन ऑफ' म्हणजे एकदाचे झोपले. बॉम्बचे क्रियापद इतक्या हळू आवाजात दुसरीकडे कुठे उच्चारले जात नसेल. समारंभ 'वेंट ऑफ वेल' म्हणजे व्यवस्थित पार पडला. अमेरिकेत एखाद्यावर 'गो ऑफ' म्हणजे भडकून तोंडसुख घेणे. आणि अलीकडे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून पसरलेल्या वापरात नाचणाऱ्याला 'गो ऑफ!' म्हटले तर ती शाबासकी. पन्नाशी ओलांडलेल्या पाहुण्याने ती ऐकून निरोप घ्यायला उठू नये.

व्याकरणाचा नियम त्या मानाने सोपा आहे. 'टर्न ऑफ'च्या मधोमध कर्म घालता येते, 'गो ऑफ'च्या नाही. शिवाय बॉम्ब किंवा गजर 'गो ऑफ' होतो तो आपला आपण; दुसऱ्या कोणी वाजवला किंवा उडवला, तर 'सेट ऑफ' हे वेगळे क्रियापद घ्यावे लागते, आणि 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणेसुद्धा. त्यामुळे चोराने खिडकी उचकटून अलार्म 'सेट ऑफ' केला, अलार्म 'वेंट ऑफ' झाला, घाबरून घरातले दिवेही कोणी 'टर्न ऑफ' केले, चांदीची भांडी घेऊन चोर 'मेड ऑफ' झाला, आणि पोलिसांची गाडी 'सेट ऑफ' झाली ती त्यानंतर.