अगदी आपल्याकडच्यासारखं

पाठीवर पिशवी टाकून हिंडायचं माझं वय केव्हाच उलटून गेलं होतं. पण भाच्याने परस्पर तिकिटं काढली आणि सूटकेसवर बंदी घातली. "मामा, जंगलात चाकं चालत नाहीत," म्हणाला. म्हणून बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यात, कुचिंग शहरात, मी हमालासारखा वाकून उतरलो. पाठीवर बारा किलोंचं ओझं होतं. त्यात दोन किलो मेतकूट, भडंग आणि आईने घातलेलं कैरीचं लोणचं. भाच्याने ते पाहिलं, पण आजीचं नाव ऐकून गप्प बसला.

कुचिंग म्हणजे मलय भाषेत मांजर. गावात मांजरांचे पुतळे आहेत. सकाळी त्यांच्याच साक्षीने आम्ही लाक्सा मागवला. इथे तो न्याहारीलाच खातात. वाडग्यात तांदळाच्या शेवया, नारळाचं दूध घातलेला लालसर रस्सा, कोळंबी, आम्लेटच्या पट्ट्या आणि बाजूला तिखट संबाल नि इवलंसं लिंबू. मी लिंबू पिळलं, एक घोट घेतला आणि म्हणालो, "अगदी आपल्या मिसळीसारखं!"

"यात मटकी कुठाय? फरसाण कुठाय?" भाचा म्हणाला.

"तत्त्व तेच. सकाळीसकाळी घाम काढायचा."

ही आपली जुनी खोड. बाळंतिणीला भेटायला गेलेल्या बायका पाळण्यात डोकावून "नाक आजोबांचं, हनुवटी आत्याची" म्हणतात ना, तसंच हे. एकदा नाक आजोबांना देऊन टाकलं की तो लालभडक परका जीव घरचा होतो. बाळाला काय वाटतं ते मात्र कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी होडीने बाको राष्ट्रीय उद्यानात गेलो. सारावाकमधलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५७ सालचं. झाडावर लांब नाकाची माकडं बसली होती. ही जात बोर्निओखेरीज कुठेच सापडत नाही, असं वाटाड्याने सांगितलं. मला मात्र त्यातल्या एकात आमचे गणिताचे मास्तर दिसले. मग पाऊस आला. कुचिंगला वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पडतो म्हणे. "आमच्या आंबोलीत याहून जास्त," मी छाती पुढे काढली. पण आंबोलीचा पाऊस चार महिने कोसळून बराचसा आपल्या घरी जातो. हा घरजावई बाराही महिने मुक्कामाला. पुढे आतल्या जंगलात पोटऱ्यांना जळवा लागल्या, तेव्हा "अगदी आपल्याकडच्यासारख्या" हे शब्द प्रथमच दुःखाने तोंडातून आले.

जेवायला मिडिन होतं. जंगलातल्या नेच्याचे कोवळे, गोगलगाईसारखे वळलेले शेंडे, बलाचान घालून परतलेले. बलाचान म्हणजे बारीक कोळंबी आंबवून, वाळवून, कुटून केलेला गोळा. तो कढईत पडताच नाकाला सुकटीची ओळख पटली. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे सुकट भाजली की वरचे दोन मजले खिडक्या लावून घेतात. इथे सगळं गाव खिडक्या उघड्या टाकून बसलं होतं. शेंडे दाताखाली करकरीत लागले. मी टाकळ्याचं नाव घेतलं, भारंगीचं घेतलं, फोडशीचंही. एकही बसेना. शेवटी नुसतंच खाल्लं.

ड्युरियनने तर माझी चांगलीच फजिती केली. काटेरी साल, आत पिवळे गर आणि असा वास, की तिथली हॉटेलं दारावर पाटी लावून त्याला बाहेर ठेवतात. "फणसच! बरका!" मी जाहीर केलं. भाच्याने मोबाइल काढून वंशावळ वाचली. फणस वड-तुतीच्या कुळातला, ड्युरियन भेंडी-कापसाच्या. फणसाचा खरा भाऊबंद शेजारच्याच टोपलीत बसला होता. त्याचं नाव चेंपेडाक. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. म्हणजे नाक आजोबांचं नव्हतंच, शेजाऱ्यांचं होतं.

बाजारात एकीकडे परातीत सागो ताडातल्या जाड, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आपल्याकडे माड पोखरतो त्या सोंड्या भुंग्याच्याच गोतातल्या. म्हणजे नातं जुळवायला जागा होती. "अगदी आपल्या..." मी सुरुवात केली आणि थांबलो. काही नाती न सांगितलेलीच बरी.

शेवटचा मुक्काम इबान लोकांच्या लांबघरात होता. एकाच छपराखाली ओळीने बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एक लांबलचक ओसरी. तिला रुआई म्हणतात. पोरं धावताहेत, कोणी चटई विणतंय, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं? जेवायला मानोक पान्सोह होतं. आलं, गवती चहा लावलेली कोंबडी बांबूच्या नळीत भरायची, तोंडाशी टॅपिओकाच्या पाल्याचा बोळा कोंबायचा आणि नळी विस्तवाला टेकवून ठेवायची. वरून फारसं पाणी नाही, पाल्याचाच वास आतपर्यंत. मी रायगडातल्या पोपटीचं नाव घेतलं. या वेळी भाच्यानेही मान डोलावली.

परतफेड म्हणून मी लोणच्याची बरणी उघडली. घरच्या आजींनी फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि काहीतरी म्हणाल्या. ओसरी हसली. वाटाड्याने अर्थ सांगितला, "आजी म्हणतात, आमच्या कासाम एन्साबीसारखंच आहे."

एन्साबी म्हणजे मोहरीचा पाला. तो आंबवून कासाम करतात. लोणच्यात मोहरी होतीच, तेव्हा आजींचं बरोबर होतं. तरी मी घुश्शातच आलो. माझ्या आईच्या लोणच्याला कशासारखं तरी म्हणायचं? ते फक्त स्वतःसारखं आहे! भाचा माझ्याकडे बघून गालात हसत होता. लाक्सा, मिडिन, ड्युरियन, सगळे त्याच्या मागे उभे राहून हसताहेत असं मला वाटलं.

आजींनी दुसरी फोड काढून शेजारणीला दिली. शेजारणीने पुढच्या दाराला. बरणी ओसरीभर हिंडून परत आली तेव्हा तळाला नुसता खार उरला होता. मी बोट फिरवून तो चाटला.

अगदी आपल्याकडच्यासारखा लागला.