‘आमचा जुना टीव्ही वीस वर्षं चालला’: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ज्यांच्या घरी नुकताच फोर-के टीव्ही आला आहे आणि वॉरंटी अजून संपायची आहे, त्यांच्यासाठी ही प्राथमिक माहिती. वॉरंटी संपल्यावर अभ्यासाला सवड मिळेलच असे नाही, तेव्हा तयारी आधीच करून ठेवावी.

प्रथम मूळ वाक्य पाठ करावे : ‘हल्लीच्या टीव्हींत काही दम नाही, आमचा जुना वीस वर्षं चालला.’ जोर ‘वीस’वर द्यावा. अठरा वर्षे चालला असेल तरी वीसच म्हणावे, कारण अठरा म्हटले की ऐकणारा हिशेब करायला लागतो. पाठोपाठ वेस्टन, क्राउन, डायनोरा किंवा अपट्रॉन यांपैकी एक नाव घ्यावे. लाकडी शटर सरकवतानाचा आवाज तोंडाने काढता आला तर फारच उत्तम. दोन सन मात्र चुकवू नयेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि रंग आला तो १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास. तुमचा ‘पहिला कलर टीव्ही’ १९७९चा निघाला तर सगळी मैफल बिघडते.

यानंतर काय सांगायचे नाही, ते शिकावे. त्या वीस वर्षांत मेकॅनिक किती वेळा येऊन गेला, हे अजिबात काढू नये. चित्र आकसून मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उरली की व्हर्टिकल आयसी गेलेला असे. पावसाळी हवेत आतून चर्रचर्र आवाज आला की संशय एलओटीवर, म्हणजे पिक्चर ट्यूबला पंचवीसेक हजार व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. ट्यूबच थकली असेल तर सातच्या बातम्या लावाव्यात आणि निवेदिकेचा चेहरा हवामानाच्या अंदाजापर्यंत उजळावा! शेजारी रात्रंदिवस गुणगुणणारा स्टॅबिलायझरही आठवणीतून काढून टाकावा.

थप्पड मात्र अवश्य सांगावी, श्रोत्यांना ती आवडते. त्यामागे शास्त्रही होते. बोर्डावरचे सोल्डरिंगचे टाके तापून-निवून तडकत, त्याला मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणत. कॅबिनेटला धक्का बसला की तडा घटकाभर जुळे, चित्र येई आणि बाबांची इभ्रत वाढे. पुढे कधीतरी मेकॅनिक मागचे झाकण काढी, आधी ट्यूबमधला उरलेला करंट स्क्रूड्रायव्हरने उतरवून घेई (ऑफ केलेला टीव्हीसुद्धा झटका देत असे), मग भिंग लावून तडकलेला टाका हुडके आणि त्यावर पुन्हा डाग देई. सुटा भाग लागलाच तर लॅमिंग्टन रोडला मिळे. टीव्ही वीस वर्षे चालला, त्यातली बरीचशी वर्षे या माणसाच्या खात्यावर जमा आहेत. पण हे कबूल केले की मूळ वाक्यातली हवाच जाते.

नव्या टीव्हीला थप्पड मारू नये. पडदा फुटेल, आणि पॅनेलची किंमत ऐकून तुम्ही मटकन खाली बसाल.

त्याऐवजी टॉर्चचा प्रयोग करावा. आवाज येतोय, पडदा काळा, अशी वेळ आली की खोलीतले दिवे मालवावेत आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. उजेडाच्या गोलात पुसट माणसे हलताना दिसली तर पडद्याचे ८२,९४,४०० ठिपके आपले काम इमानेइतबारे करत आहेत, गेलाय तो फक्त मागचा उजेड. पडद्यामागे एलईडींच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे बहुधा दिवाळीच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले. एक मेला की त्याच्या ओळीतले सगळे मान टाकतात. पट्टी स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोचायला कागदासारखे पॅनेल उचलावे लागते. त्या क्षणी तंत्रज्ञ म्हणतो, “काका, उघडतो, पण पॅनेलची गॅरंटी माझ्याकडे नाही. त्यापेक्षा नवीनच घ्या ना, एक्स्चेंज ऑफर चालू आहे.” इथे तुम्ही मूळ वाक्य म्हणावे. यासारखी दुसरी संधी नाही.

पडद्यावर उभी रेघ आली तरी संवाद हाच. टीव्ही ठणठणीत असून एखादे अ‍ॅपच ‘आता या टीव्हीवर चालणार नाही’ म्हणाले, तर मूळ वाक्य दोनदा म्हणावे. हा आजार जुन्याला होणे शक्यच नव्हते.

बैठकीत एखादा इंजिनीअर भाचा असतोच. तो म्हणेल, “मामा, जे टीव्ही चार वर्षांत भंगारात गेले त्यांची आठवण कोण काढतं? आणि तुमचा तरी किती वेळा दुरुस्त केला होता?” त्याचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. त्याला चहा ठेवायला पाठवावे.

शेवटी देखभाल. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला भडक मोड पुष्कळदा घरीही तसाच राहतो आणि बॅकलाइट शंभरावर जळत असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो साठावर आणला की एलईडी कमी तापतात आणि जास्त टिकतात. डोळ्यांनाही बरे वाटते. ही युक्ती शेजाऱ्यांना जरूर सांगावी. स्वतः करून पाहायची असेल तर विचार करून करावी, कारण टीव्ही टिकला तर पाठ केलेले वाक्य म्हणायला आणखी दहा वर्षे थांबावे लागेल.