शिशात कोरलेले तास

"वहिनी, कालपासून तुमच्याकडे कोण बाई ओरडतेय हो? 'अकरा वाजले' म्हणे!"

"अहो काकू, ते बोलकं घड्याळ. सासूबाईंना हल्ली काटे दिसत नाहीत ना."

"एकेक नवी थेरं बाई!"

"नवी कसली? एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ काढला, आणि पुढच्याच वर्षी लिहून मोकळा झाला की आता घड्याळंसुद्धा बोलतील."

"बोलली?"

"त्याचा आवाज कथलाच्या पातळ वर्खावर उमटायचा. चार वेळा वाजवला की वर्खाच्या चिंध्या. आणि घड्याळाला तर दर तासाला तोंड उघडायचं! मग फ्रान्समधून अमेरिकेत आलेल्या फ्रँक लँबर्टने वर्ख बाजूला ठेवून शिसं घेतलं. त्यावर पुरुषी आवाजात तास कोरले. चार वाजले, पाच वाजले... ऐकलंय मी. घशात घोगरं मांजर बसल्यासारखं वाटतं."

"खपलं का घड्याळ?"

"छे, बाजारात आलंच नाही. लँबर्टने पुढे टाइपरायटर केला, पाण्याच्या मीटरच्या धंद्यात शिरला. पण शिसं टिकलं ना! वर्खावरचे बहुतेक आवाज गेले, हा राहिला. बरीच वर्षं लोक म्हणायचे, वाजवता येणारं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग हेच, १८७८ चं. आता त्या सालावरूनही जाणकारांची भांडणं आहेत."

"भांडणाशिवाय काही जुनं होतं का!"

"त्यात २००८ मध्ये आणखी एक भानगड. फ्रान्सच्या स्कॉटने १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या लहरी उमटवल्या होत्या."

"आणि वाजवलं कशावर?"

"कशावरच नाही! त्याला आवाज नुसता डोळ्यांनी बघायचा होता. कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरने त्या रेघांतून सूर काढले. लँबर्टचा मान गेला. सगळीकडे बातमी, दीडशे वर्षांपूर्वीची मुलगी गातेय!"

"अगं बाई! कोण होती ती?"

"ऐका तर. वर्षभराने कळलं, वाजवलं होतं दुप्पट वेगाने. वेग उतरवला, तर मुलगी कुठली! बहुतेक स्कॉटच, सावकाश, रेंगाळत गातोय."

"म्हणजे वर्षभर त्या बुवाला पोरगी समजून ऐकत होते?"

"तर काय! आणि कौतुकही केलं हो, किती गोड गळा म्हणून."