नानांची चौकशी

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. लिफ्टवाल्याचा करार शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, टँकरचं पाणी आधी चाखून बघणारे, आणि वार्षिक सभेत 'एक छोटासा मुद्दा' म्हणून उभे राहिले की सगळ्यांचा चहा गार होईपर्यंत न बसणारे. असा माणूस बँकेत नकोसा, लग्नाच्या बोलणीत तर फारच नकोसा. त्याची खरी गरज समुद्राखाली ३० मीटरवर आहे, हे आमच्या नौपाड्यातल्या नानांमुळे कळलं.

नानांना डायव्हिंगचं वेड मालवणला लागलं. तिथे किल्ल्याजवळ पर्यटकाला धरून पाण्याखाली नेतात, मासे दाखवतात आणि व्हिडिओ काढून वर आणतात. बाकीचे स्टेटस टाकून मोकळे झाले. नानांनी नाकातलं खारं पाणी शिंकरत विचारलं, "ह्या सिलिंडरची टेस्ट कधी झाली होती?" मग त्यांनी डायव्हिंगचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे कोर्स रीतसर केले आणि साठीच्या उंबरठ्यावर जाहीर केलं, "आता थिसलगॉर्म."

थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते तांबड्या समुद्रात बुडवलं. इजिप्तमधल्या फौजेसाठी ट्रक, रायफली, गमबूट, असा सगळा संसार त्यात होता. रेल्वेची दोन इंजिनंसुद्धा. इंजिनं स्फोटात उडाली आणि बाजूला तळाशी जाऊन पडली. पुढच्या भागात मात्र ट्रकांवर चढवलेल्या बीएसए मोटारसायकली अजून तशाच आहेत. नानांचे वडील बीएसए चालवायचे. "आमची भंगारात गेली. ही तरी बघून येतो," एवढंच कारण.

आता इजिप्तमधल्या शर्म-एल-शेखहून थिसलगॉर्मवर नेणारे ढिगाने. आपण दर बघतो, फोटोतला डॉल्फिन बघतो आणि पैसे भरतो. नानांनी वहीत रकाने आखले. दराचा रकाना सगळ्यात शेवटी. एकाने प्रत्येक प्रश्नाला "नो प्रॉब्लेम, माय फ्रेंड" असं उत्तर दिलं. नानांनी त्याच्या नावापुढे लिहिलं : प्रॉब्लेम.

दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर धरलं. "बोटीवर ऑक्सिजन आहे?"

"आहे."

"दाखवा."

बिचारा फोन घेऊन बोटीवर गेला. लाइफ जॅकेटं बाजूला केली, कांद्याची गोणी सरकवली, तेव्हा कुठे पेटी दिसली. नानांनी मीटरचा काटा जवळून दाखवायला लावला. काटा शून्यावर होता. तरी पुढचा प्रश्न आलाच : सिलिंडर भरणारा कंप्रेसर हवा ओढतो तो पाइप इंजिनाच्या धुराड्यापासून किती लांब? हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण नाही. धूर सिलिंडरमध्ये शिरला तर वर कदाचित नुसतं डोकं दुखेल; ३० मीटरवर दाब चौपट, आणि विषाचा जोरही त्याच हिशेबाने वाढतो.

"जहाजाच्या आत एका गाइडमागे किती जण?"

"आठ."

"आठ जण आमच्या लिफ्टमध्येसुद्धा मावत नाहीत हो," म्हणून नानांनी फोन ठेवला. आतला गाळ एकाच्या पायाने उठला की मागच्या सगळ्यांना टॉर्च असून नसल्यासारखा.

मुक्कामाच्या सफारी बोटींना त्यांनी वेगळंच पिडलं. खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? ती रात्री कुलूपबंद असते का? नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तमध्येच मर्सा आलमकडे अशीच एक बोट पहाटे उलटली, माणसं गेली, आणि आत अडकलेल्या काही जणांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. नानांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे.

"लेकीच्या सासरची एवढी चौकशी नव्हती केली ह्यांनी," वहिनी म्हणाल्या.

शेवटी एक बाई भेटल्या. नानांचा दुसरा प्रश्न संपायच्या आत त्यांनी विचारलं, "आधी तुमचं सांगा. शेवटची डाइव्ह कधी? ३० मीटरवर किती वेळा गेलात? जोराच्या ओढीत दोर धरून उतरला आहात का? डॉक्टरांचा दाखला?" मग त्यांच्या अटी : पहिल्या दिवशी सोप्या जागी तुम्हाला पाण्यात बघणार, जमलं तरच थिसलगॉर्म, आणि आत शिरायचं की नाही ते मी ठरवणार. नाही नेलं तरी त्या दिवसाचे पैसे परत नाहीत.

नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनसमोर!

बाईंचा दर सगळ्यांत जास्त होता. नानांनी घासाघीस केली नाही. संकष्टीला साबुदाणा मिळेल का, एवढंच विचारलं. बाईंनी शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही, असं कळवलं. नानांनी वहीत ते खोडून २४ केले.

बोटीत एक जागा अजून रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर नानांना जरूर फोन करा. फक्त लॉगबुक, विम्याची पॉलिसी आणि ताजा ईसीजी हाताशी असू द्या.