दोन साक्षीदार

मराठी घरात तिन्हीसांजेला अभद्र बोलायचं नसतं. वास्तुपुरुष आढ्याला कान लावून बसलेला असतो आणि ऐकेल त्याला तथास्तु म्हणत सुटतो. त्याला ना उपरोध कळत, ना अतिशयोक्ती. कोर्टातल्या लघुलेखकाच्या निर्विकारपणानं तो सगळं उतरवून घेतो. अशा घरात मृत्युपत्राचा विषय काढायचा तरी कधी? श्रावणात नको, गणपतीत नको, लग्नसराईत तर नकोच नको. पितृपक्ष त्या मानानं विषयाला धरून आहे, पण त्या पंधरवड्यात आपण साधी चप्पलही घेत नाही. आमच्या आजोबांनी हा विषय 'पावसाळा सरला की बघू' म्हणून आयुष्यभर दिवाणखान्यातल्या शिसवी खुंटीला टांगून ठेवला. ते गेल्यावर ती खुंटी कोणाची, यावरून दोन काकांमध्ये बरेच दिवस अबोला होता.

मग २०२०-२१ची ती दोन वर्षं आली आणि वास्तुपुरुषाची भीडभाड राहिली नाही. घरोघरी कपाटं उपसली गेली. मुदतठेवीची पावती पोथीत सापडली, लॉकरची किल्ली तांदळाच्या डब्यात. बँकेचा ओटीपी गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर यायचा आणि त्या मोबाइलचा पिन तो माणूस आपल्याबरोबर घेऊन गेलेला असायचा. 'नॉमिनी लावलाय ना, मग झालं तर' हा धीरही फार काळ टिकत नाही. नॉमिनी म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं गोळा करणारा आतेभाऊ. पिशवी त्याच्या खांद्याला, पैसे त्याचे नव्हेत. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या पैशाबद्दल हे १९८४ साली सांगितलं, शेअर्सबद्दल २०२३ साली. तरी आपला आतेभावावरचा विश्वास अढळ आहे. १ नोव्हेंबर २०२५पासून तर बँकेच्या खात्याला चार-चार नॉमिनी लावता येतात. बहुधा पिशवी जड झाली असावी.

खरं तर मृत्युपत्रासाठी कायद्यानं फारसं काही मागितलेलं नाही. १९२५च्या उत्तराधिकार कायद्याला साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. करणाऱ्याची सही आणि ती होताना पाहून खाली आपलीही सही करणारे दोन साक्षीदार, बस्स. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या स्टिकरला याहून जास्त कागद जोडावे लागतात. आणि हिंदू पुरुष मृत्युपत्र न करताच गेला, तर १९५६च्या कायद्यानं त्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली यांच्या बरोबरीनं आईलाही वाटा मिळतो. त्या सगळ्या रुक्ष कलमांत इथं कायद्याला आईची आठवण झाली आहे. ती हयात असेल आणि लेक आधी गेला असेल, ही कल्पना ज्यानं कोणी कागदावर उतरवली, तो तिथं क्षणभर थांबला असेल का?

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. आधी ते बागेतल्या कट्ट्यावरच्या मित्रांना सांगणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार वयानं लहान बघा, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते असायला हवेत. यावर कट्ट्यावर खळबळ माजली. एक ऐंशी पार केलेले गृहस्थ अजूनही काकांशी तुटक बोलतात. शेवटी मी आणि काकांचा गुडघा चालता करणारा फिजिओथेरपिस्ट पोरगा, अशी आमची निवड झाली. एक माणूस अगदी शांतपणे धरून चालला होता की त्याच्यानंतर आम्ही असणार, आणि त्याबद्दल आम्हाला पोहे खाऊ घालत होता. लिंबाची फोड जरा जोरातच पिळली गेली माझ्याकडून.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही त्यांनी आणून ठेवला होता. "डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं," काकू म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं बघतेय. मला कुणी विचारलं नाही." साक्षीदाराला मजकूर ठाऊक असावा लागत नाही, पण काकांना वाचून दाखवायची हौस. "मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना..." इथं ते थबकले आणि त्यांनी चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं. "वाचा पुढे," काकू म्हणाल्या.

जागा आणि ठेवी अर्ध्या पानात संपल्या: आधी काकूंना, मग दोन्ही मुलांना समसमान. पुढची दोन पानं वकीलबाईंनी खोडायला सांगूनही शिल्लक होती. हार्मोनियम नातीला, जिनं दोन पलट्यांवर शिकणं सोडलं होतं. कढीलिंबाची कुंडी तळमजल्यावरच्या बाईंना, 'कारण त्या न विचारता तोडतातच'. रेडिओ मुलाला, 'त्याला नको असला तरी'. मग काकांनी शाईचं पेन उघडलं आणि पानापानावर सही केली. आडनावाच्या शेवटच्या वेलांटीला हात थरथरायचा. ते थांबायचे, थरथर ओसरू द्यायचे आणि वेलांटी पुरी करायचे. प्रत्येक सहीवर फुंकर. आम्ही दोघं ते पाहत होतो. कायद्यानं आम्हाला ते पाहण्याचं आणि मग खाली सही करण्याचं, नेमकं तेवढंच काम दिलं होतं.

मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, शेवटचं तेच खरं, हे वकीलबाईंनी काकांना सांगायला नको होतं. लहानसहान बदलाला पुरवणी पुरते, पण तिलाही दोन साक्षीदार लागतात. परवा काकांनी जिन्यात गाठलं. "रविवारी सकाळी मोकळा आहेस ना? रेडिओ मुलीला देईन म्हणतो. हा फोन करतो, पण रेडिओ चालतो का म्हणून एकदा विचारत नाही."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"मग परत बोलावीन की तुला."

आतून काकूंचा आवाज आला, "त्याला सांगा, या वेळी उपमा आहे."