पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद

आमच्या हिंगोली जिल्ह्यात लग्नपत्रिका नुसती छापून भागत नाही, तिच्या चारही कोपऱ्यांना हळद लागते. हळदीचाच मुलूख असल्यामुळे त्यात कोणी हात आखडता घेत नाही. पत्रिका वाटणारा पोरगा दारात मोटारसायकल चालूच ठेवून म्हणतो, "येतो काका, अजून सहा गावं राहिलीत." पण चहा घेतल्याशिवाय त्याची सुटका नसते, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत आमची आत्या त्याला धरून बसते. गाव कोणतं? कोणाचा तू? मामा कुठले? सोयरीक कोणी जुळवली? बँकवाले ज्याला ओळख पडताळणी म्हणतात ती हीच. फक्त आत्याला ओटीपी लागत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून निमंत्रण आलं. लग्न ३० ऑगस्टला, जरूर यायचं असा आग्रह, वर प्रेमाबद्दल एक इंग्रजी सुविचार, आणि सोबत पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती निघाली एपीके, म्हणजे फोनमध्ये बिऱ्हाड थाटणारं ॲप. त्यांनी ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. तक्रार झाली, बातमी देशभर फिरली. एरवी हिंगोलीचं नाव दिल्लीच्या वाहिन्यांवर यायला काय काय करावं लागतं, ते आमचं आम्हाला ठाऊक.

ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली. तिने रक्कम विचारली नाही. तारीख विचारली.

"तीस ऑगस्ट."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले आणि ३१ ला महालक्ष्म्या आल्या. "महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी कोन लगीन लावतंय बाबा? चातुर्मासात?"

कोट्यवधी रुपयांची सुरक्षायंत्रणा एकीकडे आणि भिंतीवरचं कालनिर्णय एकीकडे. अर्थात हे आत्याच्या सोयऱ्याधायऱ्यांपुरतं झालं. आमच्या गल्लीतले निकाह काही भाद्रपद बघून ठरत नाहीत, आणि नोंदणी कार्यालयाला चातुर्मास लागत नाही. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मग नवऱ्या-नवरीचं नाव तरी लिवावं का नाही?" बातमीत छापलेला मजकूर मी पुन्हा वाचला. नाव खरंच नव्हतं.

पण मी त्या कर्मचाऱ्याला हसू शकत नाही. आमच्याकडे पत्रिका न उघडणं हा अपमान असतो. "आम्हाला पत्रिकाच आली नाही" या एका वाक्यावर दोन-दोन पिढ्या बोलणं बंद राहिलेलं मी पाहिलंय. अनोळखी नंबर दिसला की आपण घाबरत नाही, ओशाळतो. कोणाचा नंबर सेव्ह करायचा राहिला? मुलीकडचे असतील का? चोराने कुलूप फोडलंच नाही. त्याने आपल्या मानपानाचा अभ्यास केला, दारावर टकटक केली, आणि आपण "या, बसा" म्हणालो. साधी पीडीएफ किंवा फोटो काही 'इन्स्टॉल करू का' म्हणून विचारत नाही. हे ॲप मात्र विचारतं. पुढे विचारतं, मेसेज वाचू का? आणि लग्नघरात कोणी काहीही विचारलं तरी आपण हो म्हणतो, तसं आपण हो म्हणतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्याच्या हातात.

आता लपवत नाही, तसली एक पत्रिका मीही उघडायला गेलो होतो. माझ्या फोननेच नकार दिला. जागा शिल्लक नव्हती. नातेवाइकांनी चार वर्षं रोज सकाळी पाठवलेली गुलाबाची फुलं आणि उगवते सूर्य यांनी फोन गच्च भरला होता. तेव्हापासून मी त्यातलं एकही फूल पुसलेलं नाही.

हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं, खरा घोळ तिथेच आहे. पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची आशा. पण तो पहिला तास आपण बायकोला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करण्यात घालवतो. दुसरा तास, ऑफिसात कळलं तर काय, यात. नर्सीचे नामदेव आमच्याच जिल्ह्याचे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेव रागावले आणि त्यांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा इथल्या कीर्तनांत कितीदा तरी ऐकावी. मग ते इथल्याच औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. साक्षात नामदेव कच्चे ठरले याचं आम्ही सातशे वर्षं प्रेमाने कौतुक करतो, आणि शेजाऱ्याचे वीस हजार गेले की म्हणतो, "एवढा शिकलेला, आणि बघा!"

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या सेनगावच्या चुलतभावाने त्याच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर धाडली. आत्याने मला फाइलला हात लावू दिला नाही. त्याला फोन लावायला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आत्या, मी बोलतोय!"

"असशील. तुझ्या बारशाला मी काय घातलं होतं, सांग."

पलीकडे शांतता.

"बघ," आत्या मला म्हणाली आणि फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी बिचारा स्वतः आला. मोटारसायकल बंद केली, पाया पडला, पत्रिका दिली. चारही कोपऱ्यांना ठसठशीत हळद. आत्याने चष्मा चढवला, नखाने एक कोपरा खरवडला आणि बोट नाकाशी नेलं.

"हळद कुठून आणली रे? रंगाची तर नाही ना?"