ऑइलचं मी बघतो

मेव्हण्याने सेकंडहँड सहाचाकी घेतली आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेचा एक लचका तिच्या चाकांखाली गेला. लोणंदच्या बाजारात कांदा भरायचा आणि वाशीला उतरवायचा, असा धंदा. ड्रायव्हर, भाडं, हमाली, टोल हे सगळं मेव्हणा बघणार होता. मला काहीच बघायला दिलं नाही तर मी सगळ्यातच बघेन, हे ओळखून तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फक्त ऑइलचं बघा." महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेल्या माणसाकडे विषय सोपवला की तो आधी फाइल उघडतो. मी उघडली.

पहिल्याच पानावर घोळ झाला. डब्यावरचं '15 डब्ल्यू 40' वाचून डब्ल्यू म्हणजे वजनच, असं मी धरून चाललो आणि आपण वजनदार ऑइल घेऊ, असं मेव्हण्याला कळवूनही टाकलं. डब्ल्यू निघाला विंटरचा. 15 वालं ऑइल उणे 20 अंशांतही इंजिन फिरू देण्याइतकं पातळ राहतं, 5 वालं उणे 30 अंशांत. मागचे 40 म्हणजे इंजिन तापल्यावर, 100 अंशांना, ते किती दाट राहील त्याचा आकडा. इथे थांबायला हरकत नव्हती. पण 5 वालं महाग होतं आणि महाग वस्तूत काहीतरी असतंच, अशी माझी श्रद्धा. लोणंदच्या थंडीत माणसाला स्वेटर लागतो. इंजिनासाठी उणे 30 ची तजवीज करायला निघालेला मीच पहिला असेन. ऑइलवाला माझ्याकडे ज्या आदराने बघत होता तो आदर नव्हता, हे पुढे कळलं.

मग पदव्या. सीएच-4, सीआय-4, सीके-4. यातला सी डिझेल इंजिनांचा, पेट्रोलवाल्यांचा एस. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं: सीआय-4 हे 2002 चं, सीके-4 हे 2016 च्या अखेरचं. म्हणजे ही सरळसरळ ज्येष्ठता यादीच! उभी नोकरी ज्येष्ठता यादीवर काढलेला माणूस कनिष्ठाला कशाला पुढे करेल? मी सीआय-4 वर शेरा मारला. स्वस्तही होतं.

मिस्त्रीने "एक नंबर निवडलंत" म्हटल्यावर तर माझी छाती फुगली. त्याच्या पाठिंब्याचं कारण झाकणाखाली होतं. काही डब्यांत मिस्त्रीसाठी कूपन असतं, ते खरवडलं की त्याला पैसे मिळतात. घरातून वेगळाच मुद्दा आला: वीस लिटरची बादली आणा, कडीची, आणि हिरवी नको, निळी बघा. मेव्हणा उधारी कुठे मिळते ते बघत होता. प्रत्येकाचं मत ठाम होतं आणि इंजिनाला कोणी विचारलं नव्हतं.

त्याचं म्हणणं सापडलं ते अपघातानेच. आरसी बुक शोधताना डॅशबोर्डच्या खणात, अगरबत्तीच्या पुड्याखाली, गाडीचं कोरं करकरीत पुस्तक निघालं. त्यात दोन ओळी: 15 डब्ल्यू 40, सीके-4. गाडी बीएस-6, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरच्या नियमांची. हिच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. गाळणीत अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती साठत जाते आणि गाळणी चोंदते. म्हणून सीके-4 मध्ये राखेला एक टक्क्याची मर्यादा घातली आहे. ज्येष्ठता यादी मी मुकाट्याने फायलीत घातली. ऑइल सीके-4 आलं, बादली निळीच आली.

खरी अब्रू यानंतर गेली. गाडी वाशीची खेप करून, खंडाळ्याचा घाट चढून परतली. मी रुमाल घेऊन गेज काढला तर ऑइल काळंकुट्ट! ओतताना मधासारखं होतं, मी स्वतः उभं राहून बघितलं होतं. फसवणूक! बादली घेऊन मी भरबाजारात ऑइलवाल्याच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि नोटिशीच्या भाषेत बोललो. तो समजावू लागला, मी त्याला "आपला खुलासा अमान्य" म्हणालो. दुसरी बादली विकत घेतली, चेंबरचा नट उघडायला लावला आणि जवळपास नवंकोरं ऑइल जमिनीवरच्या घमेल्यात सोडलं. मिस्त्रीने पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा कूपन खरवडलं. यावेळी तो काहीच बोलला नाही, फक्त मला चहा पाजला. जळकं ऑइल म्हणून ते घमेलं सेंट्रिंगवाला घेऊन गेला. लोणंदमध्ये एका स्लॅबच्या प्लेटा सीके-4 ने माखल्या गेल्या आहेत. घरमालकाला याची कल्पना नसावी.

पुढच्या खेपेनंतर गेज काढला. पुन्हा काळं.

डिझेल इंजिनात काजळी होणारच, आणि ती पोटात घेऊन तरंगत ठेवणं, कुठे थर बसू न देणं, हे चांगल्या ऑइलचं कामच आहे. काळं पडलेलं ऑइल नोकरी करत असतं. खेपा होऊनही मधासारखंच राहिलं असतं तर मी खुशाल शंका घ्यायची होती. ऑइलवाला बाजारात मला हेच सांगत होता.

त्याची माफी मागायला गेलो तेव्हा त्याने भेसळीचं खरं दुकान कसं चालतं ते सांगितलं. अखंड बादली, शाबूत लेबल आणि धड झाकण भंगारात गेलं की त्यात कोणी काहीही भरून पुन्हा विकू शकतो. आमच्या दोन्ही निळ्या बादल्या न्हाणीघरात आहेत. तुमच्या घरी जागा नसेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी बादलीच्या तळाला भोक पाडा, लेबल फाडा आणि झाकण कापून टाका.